पिल्लाच्या डोळ्यातून पाणी येतंय: थांबायचं की डॉक्टरकडे न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मांजरीचं पाच आठवड्यांचं पिल्लू. दोन दिवसांपासून उजव्या डोळ्यातून पाणी येतंय, सकाळी कोपऱ्यात तपकिरी चिपडं साचतात, अधूनमधून शिंका येतात. दूध पितं, खेळतं. सोबत आई आणि दोन भावंडं आहेत, त्यांना अजून काही झालेलं नाही. घरात माणसांसाठी आणलेले डोळ्यांचे थेंब उरलेले आहेत, ते घातले तर चालतील का? आणि डॉक्टरकडे लगेच न्यायला हवं, की दोन-चार दिवसांत आपोआप बरं होईल?

आधी थेट उत्तर देतो. ते थेंब घालू नका. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून आज रात्री धावपळ करायची गरज दिसत नाही, पण उद्या किंवा फार तर परवा पशुवैद्यकाने हा डोळा एकदा पाहायला हवा. यात एक अट मात्र आहे: पिल्लाचा तो डोळा पूर्ण उघडा असला पाहिजे. पाणी किती येतं, चिपडं कसली येतात, हे तुम्ही नीट सांगितलंत. पण डोळा दुसऱ्या डोळ्याइतकाच उघडतो का, हे सांगायचं राहिलं. आणि माझा निर्णय मुख्यतः त्यावरच ठरतो.

पाणी येणं हे फार ढोबळ लक्षण आहे. धूळ गेली तरी पाणी येतं, सर्दी झाली तरी येतं, बुबुळावर जखम झाली तरी येतं. पाण्याकडे बघून यातलं काय झालंय ते कळत नाही. डोळा मिटून घेणं किंवा अर्धवट उघडणं याचा अर्थ मात्र स्पष्ट असतो: डोळा दुखतोय. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं आणि पिल्लूही त्याला अपवाद नाही. ते कण्हत नाही, खेळणंही थांबवत नाही, फक्त त्या बाजूची पापणी थोडी खाली येते. एवढ्या लहान पिल्लात डोळा दुखतोय म्हटलं की पहिली शंका बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची घ्यावी लागते.

हे घरी कसं तपासायचं? पिल्लू नुकतं झोपेतून उठलेलं असेल तेव्हा बघू नका, त्या वेळी दोन्ही डोळे जडच असतात. ते नीट जागं झालं की खिडकीजवळ घ्या, तोंड तुमच्याकडे करून डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि दोन्ही पापण्यांमधली फट एकमेकींशी ताडून बघा. एक डोळा गोल आणि दुसरा बदामी दिसत असेल, तर तो बदामी डोळा दुखतोय. मग खिडकीच्या उजेडाचं प्रतिबिंब बघा. निरोगी बुबुळावर खिडकीची चौकट लहान पण रेखीव दिसते. त्या चौकटीची कड एखाद्या ठिकाणी तुटली असेल, पुसट किंवा खडबडीत दिसत असेल, तर तिथला पृष्ठभाग गुळगुळीत राहिलेला नाही. तिथे ओरखडा, जखम किंवा व्रण असू शकतो. ही तपासणी आम्ही दवाखान्यातही करतो, फक्त तिथे खिडकीऐवजी बारीक झोताची बॅटरी असते. मात्र सगळं ठीक दिसलं तरी बारीक जखम नाहीच, असं घरच्या घरी ठरवता येत नाही. या तपासणीचा उपयोग घाई कधी करायची हे कळण्यापुरता.

तपकिरी चिपडांनी फार घाबरू नका. अश्रूंमध्ये मुळातच एक रंगद्रव्य असतं, ते वाळलं की गंजासारखं लालसर-तपकिरी दिसतं. बरेच जण ते रक्त समजतात. नुसतं पातळ पाणी आणि सकाळी एवढंसं तपकिरी चिपाड, ही सौम्य बाजू झाली. तेच पाणी घट्ट होऊन पिवळं किंवा हिरवट व्हायला लागलं, पापण्या चिकटायला लागल्या, तर जंतूंचा संसर्ग झालाय आणि औषधाशिवाय तो आटोक्यात येण्याची वाट बघू नये.

आता वयाबद्दल, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. पिल्लांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. त्याआधी मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसला, किंवा आतल्या कोपऱ्यातून पूचा थेंब बाहेर आला, तर पापणीच्या मागे पू साठतोय. बाहेर यायला वाट नसल्यामुळे तो पू बुबुळावर दाब देत राहतो आणि एका-दोन दिवसांत डोळा कायमचा जाऊ शकतो. अशा पिल्लाला त्याच दिवशी न्यायचं. डॉक्टर कोमट ओलाव्याने पापण्या मऊ करून हलकेच सोडवतात, पू धुऊन काढतात आणि मलम सुरू करतात. हे घरी बोटांनी ओढून करायचं काम नाही. पापणी फाटली तर ते नुकसान भरून येत नाही.

तुमचं पिल्लू ज्या वयात आहे, म्हणजे चार ते आठ आठवडे, त्या वयात डोळ्यांतून पाणी यायला लागलं की बहुतेक वेळा मुळाशी सर्दीचा संसर्ग असतो. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवशी आईच्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती याच सुमाराला ओसरायला लागते आणि त्याची स्वतःची अजून तयार झालेली नसते. दुसरीकडे, मांजरांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा सर्दीचा विषाणू हर्पिस गटातला आहे. एकदा लागण झाली की तो बहुतेक मांजरांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूंमध्ये आयुष्यभर दडून राहतो आणि शरीरावर ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. बाळंतपण आणि पिल्लांना पाजणं हा मांजरीसाठी मोठा ताण. त्यामुळे व्यायल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी, स्वतः ठणठणीत दिसणारी आई नाका-डोळ्यांतून विषाणू बाहेर टाकू लागते. पिल्लांचं कवच पातळ होण्याची वेळ आणि आईकडून विषाणू येण्याची वेळ एकच पडते. म्हणून ‘पिल्लू घराबाहेर गेलंच नाही, मग लागण कुठून झाली?’ याचं उत्तर पुष्कळदा त्याच्या शेजारीच झोपलेलं असतं. यात आईचा किंवा तुमच्या स्वच्छतेचा दोष नाही.

हर्पिसची सर्दी साधारण दहा ते वीस दिवस चालते. शिंका, दोन्ही नाकपुड्यांतून स्राव, लालसर डोळे आणि कधी ताप असं तिचं रूप असतं. चांगल्या पोसलेल्या पिल्लांना ती सौम्यपणे होऊन जाते. पण या विषाणूला कॉर्नियाचा वरचा थर खायची खोड आहे. त्यावर झाडाच्या फांदीसारखे, फाटे फुटलेले बारीक व्रण होतात आणि नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत. लहान पिल्लांत सूज जोराची असली तर पापणीचा आतला लाल भाग बुबुळाला चिकटून तसाच राहू शकतो. पुढे तो डोळा कायम धुरकट दिसतो, सतत पाणावतो, आणि शस्त्रक्रिया करूनही तो भाग पुन्हा चिकटण्याची शक्यता राहते. हे टाळायची संधी सुरुवातीच्या काही दिवसांतच असते. मी एक-दोन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका म्हणतो ते यासाठी.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे क्लॅमिडिया नावाचा जिवाणू. त्याची चाल वेगळी असते. शिंका फारशा नसतात, सगळा जोर डोळ्यावर. सुरुवात एका डोळ्याने होते आणि काही दिवसांत दुसराही लागतो. डोळ्याच्या आतलं गुलाबी आवरण इतकं सुजतं की पापणीच्या कडेवरून ते पाणी भरलेल्या फोडासारखं बाहेर डोकावतं. हे दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण इथे नुसते थेंब पुरत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे औषध पोटातून द्यावं लागतं, साधारण चार आठवडे, आणि एकत्र राहणाऱ्या सगळ्या मांजरांना. आठवडाभरात डोळा छान दिसायला लागतो आणि बहुतेक जण तिथेच औषध बंद करतात. मग तोच आजार परत येतो. या औषधाची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आकसू शकते, म्हणून गोळीमागोमाग थोडं पाणी किंवा पातळ खाणं द्यायचंच. पिल्लांसाठी पातळ औषध मिळालं तर उत्तम.

तिसरा कॅलिसी विषाणू. त्यात डोळ्यापेक्षा तोंडाची लक्षणं जास्त असतात: जिभेवर फोड, लाळ गळणं, भूक असूनही खाण्यापाशी जाऊन मागे फिरणं, कधी पाय लंगडणं. पिल्लाच्या हनुवटीखालची लव ओली दिसली तर तोंड उघडून जीभ बघा.

संसर्ग सोडून इतर कारणंही असतात. खेळताना भावंडाची नखं लागतात. गवताचं कुसळ तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे मांजराच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असणाऱ्या पातळ पडद्याच्या मागे जाऊन बसतं आणि तिथून डोळा कापत राहतं. अशा वेळी त्रास अचानक सुरू होतो, एकाच डोळ्यात असतो आणि पिल्लू पंजाने डोळा घासतं. काही पिल्लांची पापणी जन्मतःच आत वळलेली असते, केस बुबुळावर घासत राहतात. चपट्या तोंडाच्या पर्शियनसारख्या जातींत अश्रू नाकात उतरवणारी नळी वाकडी-अरुंद असल्याने पाणी गालावरच ओघळतं. ते आयुष्यभराचं असतं आणि डोळा निरोगी असेल तर रोज पुसणं एवढंच करायचं. शौचाच्या ट्रेमधली बारीक धूळ, साचलेल्या लघवीचा उग्र वास, धूर, सुगंधी फवारे यांनीही डोळे पाणावतात. तसं असेल तर सहसा दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी येतं आणि जागा बदलली की थांबतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्यापायी लोक विनाकारण घाबरतात. नुकत्याच उघडलेल्या डोळ्यांवर सुरुवातीचे काही दिवस किंचित धुरकटपणा असतो, तो आपोआप निवळतो. आणि सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळसर असतात, खरा रंग सहा-सात आठवड्यांनंतर दिसायला लागतो. हा निळेपणा आतल्या रंगीत पडद्याचा असतो, बुबुळाच्या काचेचा नाही. पाच आठवड्यांच्या पिल्लात ती काचच निळसर-पांढरी, दुधाळ झालेली दिसली, तर मात्र ते रोगाचं लक्षण आहे.

आता कधी थांबायचं नाही ते सांगतो. डोळा मिटलेला किंवा अर्धवट उघडा असेल, बुबुळावर पांढुरकं फूल किंवा खळगा दिसत असेल, दोन बाहुल्यांचा आकार वेगवेगळा असेल, डोळा पुढे आलेला किंवा मोठा वाटत असेल, पापण्या पूने चिकटून पुन्हा पुन्हा बंद होत असतील, तर त्याच दिवशी न्या. कॉर्नियाचा व्रण बिघडायला लागला की तो मऊ पडून वितळत जातो आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत आरपार छिद्र पडू शकतं. ‘आज रविवार आहे, उद्या बघू’ म्हणण्याइतकाही वेळ हा डोळा देत नाही.

डोळा बरा दिसत असूनही पिल्लू हातचं जाऊ शकतं, हे तितकंच लक्षात ठेवा. माझ्या मते जास्त पिल्लं डोळ्यामुळे नाही, तर नाक चोंदल्यामुळे दगावतात. मांजर वासावर जेवतं. वास आला नाही की खाणं सोडतं, आणि पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या शरीरात साठा जवळजवळ नसतोच. दोन-तीन वेळचं खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरते, अंग थंड पडतं, आणि मग शिंकांचा साधा आजार जिवावर बेतलेला असतो. म्हणून मी तोंडाने श्वास घेणारं, हाताला गार लागणारं, मलूल पडून राहणारं किंवा अर्धा दिवस काहीच न खाल्लेलं पिल्लू रात्री-अपरात्रीही बघायला आणा म्हणतो.

याचा अंदाज घेण्यासाठी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यासारखं साधन नाही. जन्माच्या वेळी पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं आणि रोज दहा ते पंधरा ग्रॅमने वाढतं. पाच आठवड्यांचं पिल्लू पाचशे ग्रॅमच्या आसपास असावं. नेमका आकडा कमी-जास्त असू दे, तो रोज चढता हवा. रोज एकाच वेळी, खाण्याच्या आधी, वाटीत बसवून वजन करा आणि लिहून ठेवा. ‘दूध पितं’ असं आपल्याला वाटतं, पण पिल्लू आचळाला नुसतं तोंड लावून पडलेलं असू शकतं. काटा ते उघड करतो. एक दिवस वजन वाढलं नाही तर सावध व्हा, आणि घटलं तर डोळा कसाही असो, डॉक्टरकडे जा. गुदद्वाराचा थर्मामीटर वापरता येत असेल तर या वयात 38 ते 39.2 अंश सेल्सिअस हे तापमान ठीक समजा. 37.5च्या खाली आलेलं पिल्लू तापलेल्या पिल्लाइतकंच, किंबहुना जास्त धोक्यात असतं. थंड पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यायची, त्याच्या घशात दूध ओतायचं नाही. अंग गार असताना आतडी काम करत नाहीत आणि ते दूध फुप्फुसात जाण्याचीही भीती असते.

डॉक्टरकडे जाईपर्यंत घरी काय करता येईल? डोळा साफ ठेवायचा, बस. औषधाच्या दुकानात मिळणारं निर्जंतुक सलाइन घ्या. ते नसेल तर उकळून कोमट केलेलं साधं पाणी चालतं. सुटा कापूस नको, त्याचे तंतू बुबुळाला चिकटतात. गॉझचा तुकडा घ्या. पिल्लाला मऊ टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त तोंड बाहेर ठेवा, पाठ तुमच्या पोटाशी. ओला गॉझ मिटलेल्या पापणीवर मिनिटभर नुसता टेकवून ठेवा, म्हणजे वाळलेलं चिपाड भिजून सुटं होतं. मग नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा आणि तो तुकडा टाकून द्या. दुसऱ्या डोळ्याला नवा तुकडा. सुटत नसेल तर पुन्हा भिजवा, नखाने खरवडू नका. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. शेवटी पापणीभोवतीची लव कोरड्या गॉझने टिपून घ्या. ओल राहिली तर तिथली कातडी सोलवटते.

नाकही असंच पुसा. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ कोंडायची आणि पिल्लाला मांडीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटं तिथे बसायचं, याने चोंदलेलं नाक मोकळं व्हायला मदत होते. पिल्लाचं तोंड गरम पाण्याच्या भांड्यावर धरायचं नाही, आणि वाफेत बाम, कापूर, निलगिरीचं तेल काहीही टाकायचं नाही. मांजराचं यकृत असले पदार्थ नीट पचवू शकत नाही. खाणं हाताला कोमट लागेल इतपत गरम करून द्या, म्हणजे वास वर येतो. वरचं दूध देत असाल तर मांजराच्या पिल्लांसाठीच बनवलेली दूध पावडर वापरा. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब लागतात आणि आजारी पिल्लाला ते परवडणारं नसतं.

आता त्या उरलेल्या थेंबांचं. माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. डोळे लाल झाले की माणसांना मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांमध्ये अँटिबायोटिकच्या जोडीने स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल अशी नावं बाटलीवर बारीक अक्षरांत वाचायला मिळतील. स्टेरॉइडने लाली झपाट्याने उतरते, डोळा दुसऱ्या दिवशी सुंदर दिसतो आणि आपण खूश होतो. पण त्याच वेळी ते तिथली प्रतिकारशक्ती दाबतं, हर्पिसला मोकळं रान मिळतं आणि असलेला व्रण खोल जातो. चार दिवसांनी पिल्लू येतं तेव्हा बुबुळ पांढरं झालेलं असतं. लाली घालवणारे, रक्तवाहिन्या आकसणारे थेंबही पिल्लांना नकोत. ते अंगात शोषले जातात आणि एवढ्या लहान जिवात हृदयावर परिणाम करू शकतात. नुसत्या अँटिबायोटिकचे थेंब असतील तरी ते कुणाच्या डोळ्यासाठी, कधी उघडलेले होते, हा प्रश्न राहतोच. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यायची असते.

तापासाठी माणसांची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलचा एक छोटा तुकडाही मांजराचा जीव घेतो. माणसांना नागिणीसाठी देतात त्या ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्याही मांजरांना घातक आहेत. ‘हर्पिसचंच औषध आहे ना’ म्हणून कुणी सुचवलं तरी देऊ नका. मांजरांसाठी फॅमसायक्लोव्हिर वापरतात, तेही वजनानुसार डोस ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मध, चहाचं पाणी, दूध, बोरिक पावडर हे डोळ्यात घालायचे सल्ले अजून दिले जातात. यातलं काही निर्जंतुक नाही, काही जळजळ करणारं आहे, आणि बोरिक पिल्लाने चाटलं तर विषारी आहे. हर्पिसवर उपाय म्हणून लायसिन या अमिनो आम्लाची पेस्ट बरीच वर्षं आम्हीही लिहून देत असू. 2015 साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात तिचा उपयोग होत नाही असं दिसलं. आता ती मी देत नाही.

दवाखान्यात काय होईल, ते माहीत असलं तर तुम्हालाच सोपं जाईल. डॉक्टर आधी पिल्लाचं वजन, तापमान, तोंड आणि छाती तपासतील. मग डोळ्यात फ्लुरोसिन नावाचा नारिंगी रंग लावतील. दुखत नाही. शाबूत बुबुळावरून तो रंग वाहून जातो, जखम असेल तिथेच रुतून बसतो आणि निळ्या उजेडात हिरवागार चमकतो. या एका तपासणीवर पुढचं सगळं ठरतं, त्यामुळे ती झाली नसेल तर सरळ विचारा, ‘डॉक्टर, रंग लावून बघायचा का?’ विचारण्यात काही वावगं नाही. पापणी उचलून मागे कुसळ आहे का तेही बघतील. बहुतेक पिल्लांना एवढ्यावर निदान आणि औषध मिळतं. घरात बरीच मांजरं असतील किंवा आजार परत परत येत असेल, तर डोळ्यातला स्राव घेऊन पीसीआर तपासणीला पाठवतात. निघण्याच्या आधी दोन-तीन तास डोळा पुसू नका, स्राव कसा आहे ते डॉक्टरांना दिसू द्या. सकाळी चिकटलेल्या डोळ्याचा एक फोटो आणि वजनाची वही सोबत न्या.

औषध लिहून दिलं की ते घालायची पद्धतही तिथेच बघून घ्या. पिल्लाला मागून धरा, समोरून बाटली येताना दिसली की ते बिथरतं. हनुवटी किंचित वर करा, बाटली डोक्याच्या मागून आणा, टोक डोळ्याला लागू न देता एक थेंब सोडा. एकच पुरतो. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. मलम नेहमी शेवटी. दिवसातून चार वेळा लिहिलं असेल तर चारदाच, दोनदा घालून ‘गुण येत नाही’ असं होतं. पंजाने डोळा खाजवत असेल तर गळ्याभोवतीची कॉलर मागून घ्या. डोळा साफ दिसायला लागला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. उलट, दोन दिवस औषध घालूनही डोळा जास्त मिटायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता परत जा. काही वेळा एखादं औषधच मानवत नाही.

भावंडांचं काय? खरं सांगायचं तर ती एकत्र झोपत असतील तर लागण बहुधा होऊन गेलेली आहे, लक्षणं दोन ते सहा दिवसांत दिसतील. आजारी पिल्लाला आईपासून तोडून एकटं ठेवणं या वयात मला पटत नाही. आईचं दूध, तिची ऊब आणि तिचं चाटणं यांचा फायदा वेगळं ठेवण्याच्या फायद्यापेक्षा मोठा आहे. सगळं कुटुंब एकत्र राहू द्या, पण घरातल्या इतर मांजरांपासून दूर, वेगळ्या खोलीत. शिंकेचे थेंब मीटर-दीड मीटर जातात, त्यामुळे फक्त पिंजरे वेगळे करून भागत नाही. भांडी आणि अंथरुणं त्यांची वेगळी ठेवा. आधी निरोगी मांजरांचं करा, मग त्या खोलीत जा, बाहेर येताना हात धुवा. हर्पिस विषाणू शरीराबाहेर दिवसभरही टिकत नाही. कॅलिसी मात्र कोरड्या जागी काही आठवडे टिकतो. त्यासाठी साधं ब्लीच एका भागाला बत्तीस भाग पाणी घालून दहा मिनिटं ठेवा, नंतर स्वच्छ पाण्याने धुवा, आणि जागा पूर्ण वाळल्यावरच पिल्लांना आत सोडा. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी फिनेलं मांजरं असलेल्या खोलीत वापरू नका. ती पंजाला लागतात, पिल्लं पंजे चाटतात आणि विषबाधा होते.

तुम्हाला किंवा घरातल्या मुलांना यातून काही होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात येणारच. मांजराचा हर्पिस आणि कॅलिसी माणसाला लागत नाहीत. क्लॅमिडियामुळे माणसाचे डोळे आल्याचं क्वचित आढळतं. थेंब घातल्यावर साबणाने हात धुवा आणि तोवर स्वतःच्या डोळ्याला हात लावू नका, एवढी काळजी पुरते. प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल तर औषध घालायचं काम तिच्याकडे देऊ नका.

बरं झालेल्या पिल्लाला लसही द्यायची आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट रुजत नाही आणि ती नेमकी कधी संपते हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागते. आजारी असताना लस टोचू नये, डोळे-नाक कोरडे झाल्यावर डॉक्टर तारीख देतील. एकदा सर्दी होऊन गेली, आता लस कशाला, असं म्हणू नका. लस हर्पिसची लागण पूर्णपणे रोखत नाही, पण पुढचे झटके सौम्य करते. शिवाय त्याच टोचणीत पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या आजारापासूनही संरक्षण मिळतं. पिल्लू दुसऱ्या घरी द्यायचं असेल तर नव्या मालकांना या डोळ्याबद्दल सांगा. घर बदलल्यानंतर आठवडाभराने तोच डोळा पुन्हा पाणावण्याची शक्यता असते, आणि आधीच माहीत असलं तर ते घरातली जुनी स्टेरॉइडची बाटली न शोधता पिल्लाला डॉक्टरकडे नेतील.